अप्पांचे मागचे चाक

मुंबई, रविवार

चि. सोनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या पुण्याच्या सायकल मंडळाच्या अंकासाठी तू लिहिलेला लेख तुझ्या आईने मला मोठ्याने वाचून दाखवला आणि नंतर मी तो चष्मा लावून पुन्हा दोनदा वाचला. लेख चांगला झाला आहे. सिंहगडाच्या चढाचे वर्णन वाचताना घरात बसल्या बसल्या मलाच धाप लागली. दुरुस्ती सुचवायची आहे ती एका वाक्यात. ‘माझे आजोबा मुंबईच्या कारखान्यात सायकली बनवत असत,’ असे तू तिसऱ्या परिच्छेदात लिहिले आहेस. अप्पांनी सदतीस वर्षांच्या नोकरीत तेथे एकही सायकल बनवली नाही, आणि हे वाक्य त्यांच्या हयातीत कोणी त्यांच्यासमोर उच्चारले असते, तर त्यांनी ते तिथल्या तिथे दुरुस्त केले असते. अप्पा मागचे चाक बांधत असत. चाळीत नवीन आलेल्या कोणी ‘तुम्ही सायकल बनवता ना?’ असे विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे : “माका फुडच्या चाकाचा काय म्हायत नाय, मी मागला करतंय.” लोकांना तो विनोद वाटे. अप्पांना त्यात हसण्यासारखे काय आहे ते कधी कळले नाही.

तू सहा वर्षांची असताना अप्पा गेले, म्हणून तुला त्यांची आठवण आहे ती पुडीतल्या शेंगदाण्यांची आणि त्यांच्या खरबरीत अंगठ्याची. त्या अंगठ्याचे कारण मी तुला कधी सांगितले नाही. चाळीच्या पुनर्विकासासाठी खोली रिकामी करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांची स्पोकची चावी सापडली, आणि त्याच आठवड्यात तुझा लेख आला, तेव्हा आता लिहूनच टाकतो.

कारखाना वरळीला होता, हिंद सायकल. आपल्या बीडीडी चाळीतून पायी जाण्याच्या अंतरावर. तू मोबाइलवरच्या नकाशात पाहशील तर त्या भागातल्या एका रस्त्याला अजून हिंद सायकलचेच नाव आहे. सायकल गेली आणि रस्ता उरला. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे चांगली सायकल म्हणजे विलायतेहून आलेली, रॅले, हर्क्युलिस, हंबर किंवा बीएसए, अशी समजूत होती, आणि ती बोटीने येत असे. त्या काळात देशात सायकल करायला निघालेल्या मोजक्या कारखान्यांपैकी हा एक. मद्रासजवळचा टीआय, आसनसोलचा सेन-रॅले, सोनिपतचा ॲटलास, लुधियानाचा हिरो हे सगळे त्याच्या मागून आले. अप्पा १९५३ साली मालवणकडून मुंबईला आले तेव्हा गावच्या माणसांच्या ओळखीने गिरणीत चिकटायचे असा सरळ मार्ग होता आणि त्यांचे दोन्ही चुलतभाऊ त्याच मार्गाने गेले होते. अप्पांना सुताच्या तंतूंनी खोकला येई. एवढ्या कारणाने आपले घराणे कापडाऐवजी लोखंडाकडे वळले.

आता मागच्या चाकाविषयी. तुझ्या सायकलचे चाक तू यंत्राने ताणलेले विकत घेतलेस, म्हणून तुला हे माहीत असण्याचे कारण नाही. जुन्या काळ्या सायकलच्या पुढच्या चाकात बत्तीस स्पोक असत आणि मागच्या चाकात चाळीस. स्वाराचे बहुतेक वजन मागच्या चाकावर येते, शिवाय आपल्याकडे कॅरिअरवर दुधाच्या किटल्या, धान्याचे पोते, बायको आणि तिच्या मांडीवरचे मूल हे सगळे मागेच बसते, म्हणून आठ स्पोक जास्त. मधल्या हबला दोन बाजूंना दोन कडा असतात. प्रत्येक कडेत वीस भोके, आणि त्यांतले दहा स्पोक आतून बाहेर तर दहा बाहेरून आत ओवायचे. मग ते एकमेकांना ठरलेल्या जागी छेद देत रिमपर्यंत न्यायचे आणि टोकाला निपल, म्हणजे स्पोक रिमला धरून ठेवणारी आट्यांची छोटी टोपी, चढवून थोडे थोडे आवळायचे. इथपर्यंतचे काम महिनाभरात कोणीही शिकतो. त्यानंतर ‘आउट काढणे’ सुरू होते आणि तिथे माणसे गळतात.

चाक घोडीवर, म्हणजे ते अधांतरी धरणाऱ्या चौकटीवर, चढवून फिरवायचे आणि रिम कुठे डावीकडे झुकते, कुठे उजवीकडे, कुठे वर उचलते, ते काट्याशेजारच्या फटीतून पाहायचे. रिम डावीकडे आणायची असेल तर डावे स्पोक आवळायचे आणि त्यांच्याच शेजारचे उजवे तितकेच सैल करायचे, तेही पाव फेऱ्याच्या हिशोबाने. नवशिका माणूस जिथे वाकडे दिसते तिथेच आवळत सुटतो. मग ते तिथे सरळ होते आणि समोरच्या बाजूला वर उचलते, आणि ते खाली बसवायला गेला की पुन्हा पहिल्या जागी झुकते. मागच्या चाकात आणखी एक अडचण आहे. उजव्या बाजूला फ्रीव्हील, म्हणजे साखळीचे मागचे दातेरी चक्र, बसत असल्यामुळे हबची ती कड आत सरकलेली असते. रिम मात्र दोन्ही टोकांच्या बरोबर मध्ये यायला हवी, म्हणून उजवे स्पोक डाव्यांपेक्षा जास्त ताणात ठेवावे लागतात. म्हणजे दोन बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत, पण सारख्या ताणायच्या नाहीत. अप्पांचा पुढच्या चाकाविषयीचा सारा तुच्छभाव यातून आला होता. पुढचे चाक त्यांच्या मते मुलांचे काम.

स्पोकचा ताण आवाजावरून कळतो असे पुस्तकांत लिहिलेले असते आणि ते खरेही आहे. नखाने छेडले की जास्त ताणलेला स्पोक वरच्या स्वरात वाजतो. पण कारखान्यात प्रेस आणि कटिंग मशीनच्या गदारोळात स्पोकचा स्वर कुणाला ऐकू येणार? अप्पा दोन शेजारचे स्पोक अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दाबून पाहत. असे चाळीस स्पोक, म्हणजे वीस चिमट्या, दर चाकाला, आणि शेवटी सगळे आवळून झाल्यावर पुन्हा एकदा जोडी-जोडीने जोरात दाबून त्यांची डोकी हबमध्ये बसवायची, नाहीतर गिऱ्हाईक पहिल्यांदा सायकलवर बसते तेव्हा चाकातून टिंग-टिंग असा आवाज येतो आणि ताण उतरतो. तुझ्या आठवणीतला अंगठा तो. घरी मात्र, चाळ झोपल्यावर, ते शेजाऱ्याच्या सायकलचे चाक गॅलरीत उलटे ठेवून बसले की छेडून पाहत, आणि डोके एका बाजूला कलते करून ऐकत. शनिवारच्या भजनाला बसण्यापूर्वी पखवाज लावणारे बुवा ज्या चेहऱ्याने ऐकतात, अगदी त्याच चेहऱ्याने.

त्याच कारखान्यात माझे मामा, म्हणजे तुझे मामाआजोबा, फ्रेमच्या विभागात होते. त्यांचे काम ब्रेझिंगचे : नळ्यांची टोके लगमध्ये, म्हणजे त्या जोडणाऱ्या पोकळ तुकड्यात, घालायची, सांध्यावर टाकणखाराचा लेप द्यायचा, ज्योतीने सांधा नारिंगी होईपर्यंत तापवायचा आणि पितळ आत ओढले जाऊ द्यायचे. पितळ कमी तापले तर आत उतरत नाही, जास्त तापले तर त्यातले जस्त जळून पांढरा धूर निघतो. मामा रंगावरून ओळखत आणि लग्नात हळदीचा रंग पाहूनही ‘अजून थोडी तापायला हवी’ म्हणत. पुढे फ्रेम साफ होई, काळ्या रंगात न्हाई, भट्टीत भाजली जाई. त्यानंतर एक कारागीर बारीक कुंचल्याने तिच्यावर सोनेरी रेघ मारी, आणि ती रेघ सरळ येण्यासाठी तो श्वास रोखून धरतो अशी आम्हा मुलांची ठाम समजूत होती. टायर-ट्यूब रबर कंपन्यांच्या. बऱ्याच सायकली तर सुट्या भागांतच दुकानदारांकडे रवाना होत आणि दुकानातला मिस्त्री त्या जोडत असे. ज्या चाकांना कारखान्यातूनच बांधून जायचे असे, ती अप्पांच्या हातून जात. आता तूच सांग, यात ‘सायकल बनवणारा’ कोण?

याचा पुरावा मला वयाच्या पंधराव्या वर्षी मिळाला. दहावीला बरे गुण मिळाले म्हणून अप्पांनी मला सायकल द्यायचे कबूल केले, पण तयार सायकल घ्यायला त्यांचे मन होईना, कारण तिचे मागचे चाक दुसऱ्या कुणी बांधलेले असण्याचा धोका होता. म्हणून आम्ही काळबादेवीच्या सायकल बाजारातून एकेक भाग पावती करून विकत आणला. फ्रेम मी खांद्यावर घेतली आणि रिमा अप्पांनी गळ्यात हारासारख्या घातल्या, अशा वेशात आम्ही बसच्या रांगेत उभे राहिलो. कंडक्टरने घेतले नाही, तेव्हा तसेच चालत वरळीला आलो. दोन्ही चाके अप्पांनी एका रात्रीत बांधली. पुढचेही बांधले, जरा नाक मुरडूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलांचा आस जिथे फिरतो त्या सांध्याची, वाटी हातात घेतली, फिरवली, उलटी केली आणि मला म्हणाले, नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावून आण.

मी थक्क झालो. तेवीस वर्षे सायकल कारखान्यात काढलेल्या माणसाला क्रँक बसवता येत नव्हती. मिस्त्री आला, त्याने ग्रीस भरले, एकेका बाजूला पाव इंची अकरा छर्रे मोजून लावले, क्रँक बसवून कॉटर पिन ठोकली, आणि अप्पा बाजूला उकिडवे बसून एखाद्या विद्यार्थ्यासारखे पाहत राहिले. डावे पायडल बसवताना मिस्त्रीने पाना उलट दिशेने फिरवला, तेव्हा अप्पांनी त्याला थांबवून कारण विचारले. डाव्या पायडलला आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता ते आपोआप सुटून येते, हे मिस्त्रीने सांगितले. अप्पांनी दोन्ही पायडले पुन्हा काढायला लावून आटे स्वतः बोटाने चाचपून पाहिले. मला त्या दिवशी त्यांची थोडी लाज वाटली होती, हेही लिहून ठेवतो. पंधरा वर्षांच्या मुलाला बापाला सगळे येत असल्याचे हवे असते. मिस्त्री मात्र जाताना मागचे चाक एकदा हाताने फिरवून, रिमच्या कडेवर नजर ठेवून, ते थांबेपर्यंत उभा राहिला, आणि त्याने मजुरी निम्मीच घेतली.

आयटीआय झाल्यावर १९७९ साली मी त्याच कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस होतो. नियमाप्रमाणे मला सगळ्या विभागांत फिरवले गेले आणि चार आठवडे अप्पांच्या घोडीशेजारी उभे केले गेले. तिथे ते मला ओळख देत नसत. तिसऱ्या दिवशी मी पहिले चाक एकट्याने बांधले, आउट काढले, फिरवून दाखवले. ते नाण्यासारखे सरळ फिरत होते. अप्पांनी ते हातात घेतले, एका नजरेत पाहिले आणि परत दिले. व्हॉल्व्हचे भोक दोन स्पोकच्या छेदाखाली आले होते. तेथे पंपाचे तोंड जात नाही, आणि गिऱ्हाईक दर वेळी हवा भरताना बोटे सोलून घेते. ते भोक जिथे दोन स्पोक एकमेकांपासून दूर जातात त्या मोकळ्या जागेत आले पाहिजे. चूक सर्वस्वी माझी होती, पहिला स्पोक एक घर सोडून लावला होता. चाळीसच्या चाळीस सोडून पुन्हा बांधावे लागले. घरी जाताना अप्पा पुढे आणि मी मागे असे चालत होतो. नाक्यावर त्यांनी न बोलता उसाचा रस पाजला.

मी तिथे असतानाच सगळीकडे सरकारीकरणाची चर्चा होती. कारखान्याचे व्यवस्थापन काही वर्षे आधीपासूनच सरकारच्या हाती होते. १९८० साली संसदेने कायदा करून हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले आणि आपल्या कारखान्याचे नाव नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया झाले. चाळीत ते नाव कुणाच्या तोंडी बसले नाही. मला त्या सुमारास बेस्टच्या वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली आणि मी बसकडे गेलो.

यानंतरच्या एका वर्षाविषयी अप्पा कधी बोलले नाहीत, म्हणून ते माझ्याकडूनच ऐक. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार होते आणि आपल्या चाळीतल्या बहुतेक खोल्या त्यांच्याच होत्या. प्रत्येक मजल्यावर एक-दोनच घरे अशी होती की जिथे पगार येत होता, आणि त्यांत आपले एक. अप्पांची पाळी सकाळची. ते आधी सात वाजता डबा घेऊन निघत, तेव्हा गॅलरीत गिरणीतले सोबती दात घासत उभे असत. फेब्रुवारीपासून अप्पा पहाटे पाचला, अंधारात, चपला हातात घेऊन जिना उतरू लागले. कारखान्याचे फाटक उघडेपर्यंत समुद्रावर जाऊन बसत. आईने कारण विचारले नाही. ती मासळी तळायचीही थांबली होती, कारण वास दहा खोल्यांत जातो.

आमच्या शेजारच्या खोलीतले काका विणाई खात्यात होते. संप चौथ्या महिन्यात गेल्यावर त्यांनी गावी जायचे ठरवले, तेव्हा अप्पांनी त्यांना गॅलरीत बसवून चाक बांधायला शिकवले. मला चार आठवडे लागले ते त्यांना सहा रात्रींत आले, कारण सुताचा ताण बोटाला ओळखण्यात त्यांची बावीस वर्षे गेली होती. स्पोक हा त्यांच्या दृष्टीने फक्त जाड धागा होता. पावसाळ्यानंतर त्यांनी नाक्याजवळ झाडाखाली एक पेटी, पंप आणि पाण्याचे घमेले मांडले. पंक्चर, आउट काढणे, छर्रे बदलणे. गिरणी त्यांना परत मिळाली नाही, पण ते गावी गेले नाहीत. तुझ्या पहिल्या तीनचाकी सायकलचे सीट त्यांनीच बसवले होते, ते ‘पंपकाका’ तुला आठवत असतील. त्यांनी मात्र पूर्ण सायकली जोडल्या, शेकडो. आजोबा म्हणून त्यांच्याविषयी तुझे ते वाक्य बरोबर ठरले असते.

अप्पा १९९० साली निवृत्त झाले आणि पुढे कारखानाही बंद पडला. लोक म्हणतात, सायकल संपली म्हणून कारखाने संपले. मला ते पटत नाही. लुधियानाच्या हिरोचे नाव १९८६ साली जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात गेले, म्हणजे सायकल तेव्हा जोरातच होती. लुधियानात एकेका भागाचे छोटे कारखाने गल्लोगल्ली होते. वरळीत एका चौरस फुटाची किंमत काय होत गेली ते तुला ठाऊक आहे. तरी २०२० च्या जूनमध्ये, टाळेबंदीत, ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना नेमका जागतिक सायकल दिनी बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा मी उगाचच उठून माळ्याकडे पाहिले होते.

चावी या पत्राबरोबर कुरियरने पाठवत आहे. ती गोल चकतीसारखी आहे आणि तिच्या कडेला वेगवेगळ्या मापांच्या खाचा आहेत. झिजून गुळगुळीत झालेली खाच अप्पांची, बाकीच्या जवळजवळ कोऱ्या आहेत. तुझ्या सायकलच्या निपलना ती बहुधा लागणार नाही, तेव्हा जबरदस्तीने लावू नकोस, कडा झिजतील. गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस की मागचे चाक ब्रेकला एका जागी घासते. ते दुकानात देऊ नकोस. मी पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. सायकल उलटी करून ठेव आणि जिथे घासते तिथे रिमवर खडूची खूण कर, पण स्वतः काही आवळू नकोस. आणि अंक छापायला जाण्याआधी तेवढे वाक्य बदल : ‘माझे आजोबा मागचे चाक बांधत असत.’ संपादकांनी ‘मागचे’ हा शब्द काढला तर मला सांग.

आईचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाबा